सॅमनच्या ओढ्यांवर स्वयंसेवक म्हणून जायचंय? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सिएटल, बेलव्ह्यू, रेडमंड, इसाक्वा, समामिश या पट्ट्यात राहणाऱ्या मराठी मंडळींकडून दर ऑक्टोबरात हेच प्रश्न येतात. एकेकाला फोनवर सांगण्यापेक्षा इथे लिहून ठेवतो. मी शास्त्रज्ञ नाही. शनिवारी सकाळी गमबूट घालून ओढ्यावर जाणाऱ्यांपैकी एक आहे, त्यामुळे उत्तरांत माझी मतंही डोकावतील. पटली नाहीत तर ओढ्यावर भेटा, तिथे वाद घालू.

सॅमनला मुळात आपली मदत कशाला हवी?

हा मासा गोड्या पाण्यात जन्मतो, समुद्रात मोठा होतो आणि अंडी घालायला पुन्हा आपल्याच नदीत, पुष्कळदा त्याच ओढ्यात परत येतो. घराजवळची वाट तो वासावरून ओळखतो. मादी एका कुशीवर होते, शेपटी जोरजोरात आपटून रेव उडवते आणि खड्डा करते. त्या खड्ड्याला इथे सगळे 'रेड' म्हणतात. त्यात वाटाण्याएवढी नारिंगी अंडी पडतात, नर त्यांवर वीर्य सोडतो आणि मादी थोडं वर सरकून पुन्हा रेव उडवून ती झाकते. काही दिवसांनी दोघंही मरतात. अंडी हिवाळाभर रेवेखाली राहतात. त्यांना थंड, वाहतं आणि भरपूर ऑक्सिजन असलेलं पाणी लागतं. वर गाळाचा थर बसला की ती गुदमरतात.

आता गेल्या दीडशे वर्षांत इथे काय झालं ते बघा. काठावरची प्रचंड झाडं तोडली. ओढे सरळ केले, पाइपात घातले. त्यांच्यावरून रस्ते गेले, काठापर्यंत घरं आणि लॉन आली. धो-धो पावसाचं जे पाणी जंगलात मुरायचं, ते आता डांबरावरून धावत येतं आणि रेव व अंडी दोन्ही धुऊन नेतं. प्युजेट साउंडमधला, म्हणजे सिएटललगतच्या समुद्राच्या खाडीतला, चिनूक जातीचा सॅमन १९९९ साली संकटग्रस्त म्हणून केंद्राच्या कायद्याखाली आला, तो अजून त्या यादीतून बाहेर पडलेला नाही. इथल्या ऑर्का देवमाशांचा जो कळप कायम याच पाण्यात फिरतो, त्यात सत्तरेक जीव उरलेत आणि त्यांचं मुख्य अन्न हाच चिनूक.

सॅमन म्हणजे आपला रावसच ना?

नाही. बाजारात रावसाला 'इंडियन सॅमन' म्हणतात खरं, पण तो वेगळ्याच कुळातला, किनाऱ्याच्या आणि खाडीच्या पाण्यातला मासा. सॅमनसारखं वागणारा आपल्याकडचा मासा म्हणजे पाला, बंगाल्यांचा हिल्सा. तो समुद्रातून नदीत चढतो. १९७५ साली फरक्का बंधारा सुरू झाला आणि गंगेत वरच्या अंगाला त्याचं येणं जवळजवळ थांबलं, म्हणजे दुखणंही तेच.

ज्यांनी रायगड-ठाण्याकडे पहिल्या पावसात वलगणीचे मासे पाहिलेत, त्यांना प्रवाहाविरुद्ध चढणं काय असतं ते सांगायला नको. तेही अंडी घालायलाच वर चढत असतात आणि नेमके त्याच वेळी आपण टोपली घेऊन उभे असतो. इथे तसं केलंत तर दंड होईल.

कोणते सॅमन कुठे आणि कधी दिसतात?

इथे पाच जाती आहेत: चिनूक, कोहो, सॉकाय, चम आणि पिंक. पिंक आपल्या भागात विषम वर्षीच येतो, म्हणजे २०२५ला आला तर २०२६ला वाट बघू नका.

सर्वात सोपी जागा बॅलार्ड लॉक्स, म्हणजे सिएटलमधली बोटी वर-खाली नेणारी जलद्वारं. तिथे माशांसाठी २१ पायऱ्यांची शिडी आहे आणि काचेच्या खिडकीतून ते चढताना दिसतात. जून-जुलैत सॉकाय, मग चिनूक, मग शरदात कोहो. इसाक्वाच्या हॅचरीत, म्हणजे माशांची अंडी उबवून पिल्लं वाढवतात तिथे, सप्टेंबर ते नोव्हेंबर चिनूक आणि कोहो. ऑक्टोबरच्या पहिल्या शनिवार-रविवारी तिथे 'सॅमन डेज'ची जत्रा भरते. मासा बघायचा असेल तर जत्रा टाळून मधल्या वारी जा. ऑक्टोबरमध्ये रेन्टनचं वाचनालय, कारण ते चक्क सीडर नदीवर बांधलंय आणि पुलावरून खाली लाल सॉकाय दिसतात.

माझी आवडती जागा मात्र सिएटलच्या कारकीक पार्कमधला पायपर्स क्रीक. नोव्हेंबरात तिथे चम येतात. अंगावर जांभळे-हिरवे पट्टे, नराला कुत्र्यासारखे सुळे, आणि पाणी इतकं उथळ की माशाची पाठ बाहेर. हा ओढा शहराने पूर्ण मारला होता. शेजारपाजारच्या लोकांनी तो साफ करत आणला, सुक्वामिश या इथल्या मूलनिवासी जमातीच्या हॅचरीतली पिल्लं तिथल्या तळ्यात काही आठवडे ठेवून त्यांना या पाण्याचा वास लावला, आणि मग मोठे मासे परत यायला लागले.

स्वयंसेवक नेमकं काय करतात? मासे सोडतात का?

मासे सोडणं हा फोटोपुरता भाग. नव्वद टक्के काम काठावरचं असतं आणि त्यात मासा दिसतही नाही. हे आधीच सांगतो, कारण लहान मुलांना 'मासे बघायला चला' म्हणून आणलेले आई-वडील नंतर माझ्याकडे रोखून बघतात.

मुख्य काम तण काढायचं. इथला पहिला शत्रू हिमालयन ब्लॅकबेरी. तिच्या काटेरी वेली माणसाच्या उंचीवर जातात, टोक जमिनीला टेकलं की तिथे मूळ धरतात, आणि खाली एकही झाड उगवू देत नाहीत. वरवर छाटून काही होत नाही. फावड्याने किंवा कुदळीने खोदून मुळाचा गड्डा काढावा लागतो. नवशिके हमखास इथली मूळची दोन झुडपंही उपटतात, म्हणून ओळख करून घ्या. हिमालयन ब्लॅकबेरीचा दांडा जाड, कंगोरेदार आणि पान बहुधा पाच पर्णिकांचं. इथल्या मूळच्या, जमिनीवर सरपटणाऱ्या ब्लॅकबेरीचा दांडा बारीक, गोल, निळसर पावडर लावल्यासारखा, आणि पर्णिका तीन. सॅमनबेरीलाही तीनच पर्णिका, पण तिची वरची पर्णिका दुमडली तर उरलेल्या दोन फुलपाखरासारख्या दिसतात. या दोघींना हात लावायचा नाही.

जपानी नॉटवीड दिसलं तर त्यालाही हात लावायचा नाही, पण उलट कारणाने. तोडलात तर बोटभर तुकडा वाहत खाली जातो आणि तिथे नवं बेट उभं करतो. त्याच्या दांड्यात औषध टोचायला परवानाधारक लोक येतात. तुम्ही फक्त संयोजकाला जागा दाखवा.

तण निघालं की पुठ्ठा किंवा गोणपाट अंथरायचं. सिएटलमध्ये कॉफी भाजणाऱ्यांकडची रिकामी गोणपाटं पुष्कळदा यासाठी वापरतात, त्यामुळे हिरव्या कॉफीचा वास असतो. वर लाकडाच्या भुश्शाचा जाड थर. नंतर ऑक्टोबर-नोव्हेंबर ते मार्च, पाऊस चालू असताना लागवड: रेड सीडर, सिटका स्प्रूस, अल्डर, विलो, डॉगवूड, स्नोबेरी. भुसा खोडाला चिकटवायचा नाही, भोवती वाटीएवढी जागा मोकळी सोडायची, नाहीतर खोड कुजतं. विलो आणि डॉगवूड तर आपल्याकडे शेवग्याची फांदी खोचतात तसे लावतात. पानगळीनंतर हातभर काड्या कापायच्या, डोळे वर ठेवून दोन तृतीयांश जमिनीत ठोकायच्या. उलटी ठोकलेली काडी फुटत नाही. दर वर्षी कोणीतरी उलटी ठोकतंच.

त्याशिवाय मासे मोजायचं काम असतं. त्यासाठी प्रशिक्षण लागतं. ओढ्यातून चालत जिवंत आणि मेलेले मासे मोजायचे, मेलेल्या मादीचं पोट उघडून अंडी घातली होती का बघायचं, शेपटीजवळचा छोटा मांसल पर कापलेला आहे का बघायचं, कारण हॅचरीतल्या बहुतेक चिनूक-कोहोंचा तो पिल्लूपणीच कापतात. शेवटी मेलेल्या माशाची शेपटी छाटायची. पुढच्या आठवड्यात तोच मासा दुसऱ्यांदा मोजला जाऊ नये म्हणून.

आणि एक काम ऐकून लोक हसतात: मेलेले मासे ओढ्यात फेकणं. हॅचरीत अंडी काढून झालेल्या माशांची तपासणी करून, गोठवून ते जंगलातल्या ओढ्यांवर नेतात आणि स्वयंसेवक काटेरी फावड्याने ते पाण्यात टाकतात. सॅमन समुद्रातला नायट्रोजन अंगावर घेऊन डोंगरात आणतो. त्यावर किडे पोसतात, किड्यांवर कोहोची पिल्लं, आणि उरलेलं काठावरच्या झाडांना मिळतं. मासेच कमी झाले तर ही आवकही आटते.

झाडं लावून माशांना काय मिळतं?

पहिलं म्हणजे सावली. अंड्यांना पाणी साधारण १३ अंश सेल्सिअसच्या आत लागतं आणि २०च्या वर गेलं की मोठे मासेही धापा टाकायला लागतात. २०१५च्या उन्हाळ्यात कोलंबिया नदीचं पाणी एवढं तापलं की चढणीला लागलेले सॉकाय लाखांच्या संख्येने वाटेतच मेले. मुळं काठ धरून ठेवतात, म्हणून गाळ कमी. पानांवरचे किडे पाण्यात पडतात, पिल्लांना खायला होतं. कोहोचं पिल्लू समुद्रात जाण्याआधी वर्षभराहून जास्त काळ ओढ्यातच काढतं, तेव्हा ही खानावळ चालू राहणं गरजेचं.

आणि चौथं, ज्याला खूप वर्षं लागतात: झाड म्हातारं होऊन ओढ्यात पडणं. पडलेल्या ओंडक्यामागे खोल डोह होतो, पुरात पिल्लं तिथे लपतात, रेव अडकून राहते. गंमत म्हणजे १९५०-६०च्या दशकांत याच सरकारी खात्यांनी 'माशांना अडथळा' म्हणून ओढ्यांतले ओंडके काढून टाकले. आता तेच ओंडके एक्सकॅव्हेटरने, अवघड जागी हेलिकॉप्टरने, पुन्हा आणून टाकतात. बिल अर्थातच करदात्याचं.

मग आपणच चार दगड रचून डोह केला तर?

कृपया नको. ओढ्याच्या पाण्यात किंवा पात्रात काहीही करायला राज्याच्या मत्स्य आणि वन्यजीव खात्याची परवानगी लागते, आणि पाण्यातली कामं बहुधा उन्हाळ्याच्या ठरावीक आठवड्यांतच होतात, जेव्हा रेवेत अंडी नसतात. मुलांनी खेळताना रचलेला दगडी बांधसुद्धा सप्टेंबरच्या कमी पाण्यात माशाची वाट अडवू शकतो. घरी जाताना तो मोडून टाका. ऑक्टोबरनंतर मात्र रेवेवर पायही ठेवू नका. आजूबाजूच्या शेवाळलेल्या दगडांपेक्षा उजळ, नुकताच घासल्यासारखा दिसणारा पट्टा म्हणजे रेड. त्यावर एक पाऊल पडलं तरी खालची अंडी जातात.

रस्त्याखालच्या मोऱ्यांवरून एवढी कोर्टबाजी कशासाठी?

हा प्रश्न कमी जण विचारतात, पण माझ्या मते सर्वात महत्त्वाचा. जुनी मोरी म्हणजे रस्त्याखालून टाकलेला अरुंद पाइप. त्यात पाण्याचा वेग माशाला न पेलणारा होतो, किंवा खालच्या तोंडाशी माती वाहून जाऊन पाइप हवेत लटकतो. मासा उड्या मारून दमतो आणि तिथेच राहतो. वर मैलभर उत्तम ओढा असला तरी त्याचा उपयोग शून्य.

१८५४-५५च्या करारांत इथल्या मूलनिवासी जमातींनी जमीन दिली, पण आपल्या नेहमीच्या जागी मासे धरण्याचा हक्क राखून ठेवला. राज्याने तो शंभर वर्षं धाब्यावर बसवला. निस्क्वाली जमातीचे बिली फ्रँक ज्युनियर यांना आपल्याच नदीवर मासे धरल्याबद्दल पन्नासहून अधिक वेळा अटक झाली, पहिल्यांदा वयाच्या चौदाव्या वर्षी. १९७४ साली न्यायाधीश जॉर्ज बोल्ट यांनी निकाल दिला: धरण्याजोग्या माशांतला निम्मा वाटा जमातींचा. त्यानंतर जमाती आणि राज्य मिळून मासेमारीचं व्यवस्थापन करतात. पुढचा प्रश्न साहजिक होता. मासाच उरला नाही तर हक्काचं काय करायचं? जमातींनी मोऱ्यांवरून दावा लावला, २०१३ साली कोर्टाने राज्याला मोऱ्या बदलायचा आदेश दिला आणि २०१८ साली सर्वोच्च न्यायालयात चार-चार अशी मतं पडल्याने तो कायम राहिला. बहुतेक कामाची मुदत २०३०. हायवेवर दर उन्हाळ्यात 'फिश पॅसेज'च्या पाट्या आणि वळणरस्ते दिसतात ते यामुळे. ट्रॅफिकमध्ये अडकून चिडताना एवढं लक्षात ठेवा की करार मोडणारे मासे नव्हते.

हा आदेश राज्याच्या मोऱ्यांपुरता आहे. शहराच्या, काउंटीच्या आणि खाजगी रस्त्यांखालच्या मोऱ्या वेगळ्या. तुमच्या वसाहतीमागे लटकता पाइप असेल तर फोटो काढून काउंटीला कळवा. यासाठी गमबूटही लागत नाहीत.

टायरमुळे मासे मरतात असं ऐकलं, खरं आहे का?

खरं आहे. वेस्ट सिएटलच्या लाँगफेलो क्रीकवर पहिल्या मोठ्या पावसानंतर गेलात तर दिसेल. पुष्ट, चांदीसारखी कोहो मादी पृष्ठभागावर तोंड उघडत गोल फिरते, आणि काही तासांत मेलेली असते. पोट उघडलं तर सगळी अंडी आत तशीच. हे वर्षानुवर्षं चाललं होतं आणि कारण सापडत नव्हतं. टॅकोमा आणि पुयालपच्या संशोधकांनी रस्त्यावरच्या पाण्यातली हजारो रसायनं चाळत चाळत शेवटी एकावर बोट ठेवलं आणि डिसेंबर २०२०मध्ये ते प्रसिद्ध केलं. टायरचं रबर ओझोनने तडकू नये म्हणून त्यात ६पीपीडी घालतात. ओझोनशी संयोग होऊन त्याचं ६पीपीडी-क्विनोन होतं आणि ते अगदी अल्प प्रमाणातही कोहोला मारतं. त्याच पाण्यात चम मात्र धडधाकट राहतो.

चांगली बातमीही त्याच संशोधकांकडची. तेच घाण पाणी वाळू-कंपोस्टच्या थरातून झिरपवलं तर कोहो जगतात. म्हणून इथे रस्त्याकडेला खोलगट बागा करतात. त्यांत पाणी साचून मुरतं. त्या बागांतलं तण काढणं, पाणी आत येण्याचं तोंड पानांनी तुंबलं असेल तर मोकळं करणं, हेसुद्धा सॅमनचंच काम आहे, जरी सर्वात जवळचा मासा मैलभर लांब असला तरी.

शनिवारी वेळच नसतो. घरबसल्या काही?

गाडी ड्राइव्हवेवर धुऊ नका, कार वॉशला न्या. इथल्या बहुतेक उपनगरांत रस्त्याकडेच्या गटाराच्या जाळीत पडलेलं पाणी कुठेही शुद्ध न होता थेट ओढ्यात जातं, आणि साबण माशाच्या कल्ल्यांना मारक. तेल गळत असेल तर दुरुस्त करा. लॉनला खत-औषध घालायचंच असेल तर पावसाच्या आदल्या दिवशी तरी नको. जाळीवरची पानं काढा. छपराचं पाणी बागेत वळवायला काही भागांत अनुदान मिळतं, आपल्या शहराच्या साइटवर बघा.

समामिशच्या पठारावर राहणाऱ्यांनी हे विशेष मनावर घ्यावं. समामिश तलावात कोकनी नावाचा छोटा लाल सॅमन आहे. हा सॉकायच, पण समुद्रात न जाता आयुष्यभर तलावात राहणारा. नोव्हेंबर-डिसेंबरात तो एब्राइट, लाफिंग जेकब्स, लुइस अशा अगदी चिमुकल्या ओढ्यांत चढतो. स्नोक्वाल्मी जमातीसाठी तो पिढ्यान्‌पिढ्यांचा मासा, आणि त्याची संख्या चिंताजनक आहे. आपल्या क्रिकेटच्या ग्रुपमधल्या निम्म्या घरांचं पावसाचं पाणी त्याच ओढ्यांत उतरतं.

हॅचरीत लाखो पिल्लं होतात, मग हा खटाटोप कशाला?

इसाक्वाची हॅचरी १९३६पासून चालू आहे. ती नसती तर इसाक्वाच्या ओढ्यात आज सॅमन दिसलेच असते की नाही, शंका आहे. पण हॅचरीतली पिल्लं सिमेंटच्या टाकीत आयतं खाऊन वाढतात, जंगली पिल्लांशी जागेसाठी भांडतात आणि मोठी होऊन त्यांच्याशी जोड्या जमवतात तेव्हा वंशातली विविधता कमी होऊ शकते. यावर इथे कडाक्याचे वाद आहेत आणि दोन्ही बाजूंना अभ्यासू लोक आहेत. माझं मत विचाराल तर हॅचरी ही मुदतीची मलमपट्टी. ओढाच तापलेला आणि गाळाने भरलेला असेल तर पिल्लं सोडत राहण्याला अंत नाही.

खरंच फरक पडतो का, की नुसतं समाधान?

दोन्ही. चिनूक २५ वर्षांनंतरही यादीत आहे, हे लपवण्यात अर्थ नाही. समुद्राचं तापमान, वाढती वस्ती, धरणं हे सगळं शनिवारच्या फावड्याच्या आवाक्याबाहेरचं आहे. पण जिथे नीट काम झालं तिथे मासे दार उघडायची वाट बघत असल्यासारखे आले. एल्व्हा नदीवरची दोन धरणं २०११ ते २०१४मध्ये काढली. मोकळ्या पडलेल्या तलावांच्या तळांवर रोपं लावायला स्वयंसेवकही होते आणि सॅमन वरच्या पाण्यात पोचले. कॅनडातल्या व्हँकुव्हरच्या भर वस्तीतल्या स्टिल क्रीकमध्ये अनेक दशकांनी २०१२ साली चम परतले.

मला सर्वात भारी वाटतं ते सिएटलच्या थॉर्नटन क्रीकचं उदाहरण. सगळ्या बाजूंनी घरं असलेला हा ओढा. इथल्या मंडळींनी फक्त काठ सुधारला नाही, तळाखालचा भागही खोदून काढला. कारण निरोगी ओढ्याचं पाणी वरून जेवढं दिसतं तेवढंच नसतं, ते तळाच्या रेवेतूनही खाली-वर वाहतं, तिथे गार होतं आणि सूक्ष्म जीव ते साफ करतात. पाइप आणि काँक्रीटने हा भाग मारून टाकला होता. तो काढून जाड रेव भरली, ओंडके बसवले, पूर पसरायला जागा दिली. २०१८च्या शरदात चिनूकने तिथेच, त्या नव्या रेवेत रेड केली.

मुलांना आणता येईल? आई-बाबा भारतातून आलेत, त्यांना?

मुलांना जरूर आणा, फॉर्मवर पालकांची सही लागते. सात-आठ वर्षांखालची मुलं अर्ध्या तासात चिखलात खेळायला लागतात, ते गृहीत धरा. हायस्कूलवाल्यांना सेवेचे तास मिळतात, संयोजकाकडून त्याच दिवशी सही घ्या. अनेक शाळांत जानेवारीत सॅमनची अंडी येतात, मुलं वर्गातल्या गार टाकीत ती वाढवतात आणि वसंतात पिल्लं ओढ्यात सोडतात. तुमच्या शाळेत असेल तर त्या सहलीला पालक म्हणून नाव द्या.

आई-बाबांना खोदकामाला नको, जमीन घसरडी असते. रोपवाटिकेत बसून कुंड्या भरणं, रोपांना चिठ्ठ्या लावणं ही कामं त्यांना आवडतात. गावाकडे शेती असलेले बाबा कुदळ धरण्यावरून इथल्या पोरांना दोन गोष्टी सुनावतात, ते वेगळं.

एच-फोर किंवा व्हिजिटर व्हिसावर चालतं का?

सेवाभावी संस्थेचं, बिनपगारी, आणि एरवीही स्वयंसेवकच करतात असं काम सर्वसाधारणपणे चालतं. मोबदला, भेटकार्ड किंवा 'पुढे नोकरी देऊ' असं काही मध्ये आलं तर थांबा आणि वकिलाला विचारा.

आम्ही शाकाहारी आहोत.

ओढ्याची हरकत नाही. फक्त मेलेले मासे फेकायच्या दिवशी येऊ नका. तो वास जॅकेटमधून लवकर जात नाही.

काय घालून यायचं?

रेनकोट, गमबूट, लोकरीचे मोजे, आत थर देऊन कपडे. जीन्स भिजली की दिवस खराब. हातमोजे आणि अवजारं तिथे मिळतात. परतताना बूट ब्रशने घासून चिखल तिथेच काढा आणि घरी पूर्ण वाळवा. न्यूझीलंडची काही मिलिमीटरची एक गोगलगाय काही ओढ्यांत घुसली आहे आणि तिची एकटी मादी नराशिवायही नवी वस्ती उभी करू शकते. तुमच्या तळव्याला चिकटून ती पुढच्या ओढ्यात जायला नको.

कुत्रा आणला तर?

अंडी घालायच्या हंगामात अजिबात नको. मासे बिथरतात ही एक बाजू. दुसरी अशी की इथला कच्चा सॅमन कुत्र्याने खाल्ला तर त्यातल्या कृमीबरोबर असणाऱ्या जिवाणूमुळे तो आजारी पडतो आणि वेळेत उपचार झाले नाहीत तर मरतो. काठावर कुजलेला मासा चाटला असेल आणि आठवडाभरात ताप, उलट्या दिसल्या तर डॉक्टरला 'सॅमन खाल्ला होता' हे आधी सांगा.

कुठे नाव नोंदवायचं?

वॉशिंग्टन राज्यात १९९०च्या कायद्याने अशा कामासाठी १४ प्रादेशिक गट केले आहेत. सिएटलच्या बाजूला मिड साउंड फिशरीज, उत्तरेला साउंड सॅमन सोल्युशन्स, बेलिंगहॅमला नूकसॅक सॅमन एन्हान्समेंट. इसाक्वात हॅचरीच्या मित्रमंडळाला पाहुण्यांना माहिती सांगणारे लोक हवेच असतात, आणि मराठी-हिंदीत सांगणारं कोणी असलं तर शनिवारच्या गर्दीत त्यांना हायसं वाटेल. ब्रिटिश कोलंबियात राहत असाल तर 'स्ट्रीमकीपर्स' म्हणून शोधा.

वर्षातून एकच दिवस जमणार असेल तर कोणता?

जुलै किंवा ऑगस्टमधला. एप्रिलच्या वसुंधरा दिनाला आणि नोव्हेंबरच्या लागवडीला कंपन्यांच्या टी-शर्टांची झुंबड असते, रोपांपेक्षा माणसं जास्त. इथला उन्हाळा कोरडा असतो आणि आधीच्या हिवाळ्यात लावलेली रोपं तेव्हाच मरतात. ब्लॅकबेरी पुन्हा डोकं काढते, बादल्यांनी पाणी घालावं लागतं, रोपांभोवतीचं गवत हाताने उपटावं लागतं, आणि संयोजकाबरोबर मोजून चार माणसं असतात. बरोबर दोन बाटल्या पाणी, टोपी आणि लांब बाह्यांचा शर्ट आणा. सकाळी नऊच्या आत पोचा, बहुतेक पार्कांत पोहायला येणाऱ्यांमुळे दहानंतर पार्किंग मिळत नाही.